पगाराची खोडलेली ओळ

जनार्दन, तुझा मृत्यू गेल्या आठवड्यात बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात झाला. कारण कावीळ. वय एकतीस. मी दहा वाजून पाच मिनिटांनी पोचलो.

अकोल्याच्या आमच्या दैनिकात गुरुवारच्या अंकात चार ओळींची बातमी आली. ती मीच लिहिली. ‘वाशीम येथील तरुण वकील’ अशी सुरुवात केली, नाव, वय, मागे कोण आहे, अंत्यविधी कुठे झाला एवढे घातले आणि कागद जुळणीला दिला. बातमीत चूक नाही, मी ती तीनदा तपासली. तरी तेव्हापासून माझे कामात लक्ष लागत नाही. गावोगावच्या वार्ताहरांचा मजकूर समोर येतो, मी तो कापतो, मथळा देतो आणि मध्येच उठून खिडकीपर्यंत जाऊन येतो. शेजारच्या टेबलावरच्याने विचारले, “काही हरवलं का?” मी नाही म्हणालो.

आता लिहितो आहे त्या मजकुरात तुझे शिक्षण, तू लढवलेले खटले, तू कुठल्या मंडळाचा सभासद होतास हे काही नाही. एका गोष्टीवरचे आपले बोलणे अर्धे राहिले. तेवढेच इथे आहे.

तू सनद घेऊन वाशीमला आलास ते दुष्काळाचे वर्ष होते. गावातल्या सर्वांत मोठ्या वकिलांकडे तू ज्युनिअर म्हणून लागलास. ‘लागलास’ असे आपण म्हणत होतो, पण पगार नव्हता. वाशीमच्या कोर्टात तेव्हा कुठल्याच ज्युनिअरला पगार नसे. साहेबांच्या मागून फायली घेऊन चालायचे, पुढच्या तारखा मागायच्या, अर्ज लिहायचे आणि शिकायला मिळते याबद्दल आभारी राहायचे, अशी पद्धत होती. पक्षकार साहेबांना फी देई, साहेबांच्या मुन्शीला वेगळे दोन रुपये देई आणि तुला नमस्कार करी.

मुन्शीजींना हे दिसत होते. एकदा बार रूमच्या पायरीवर ते तुला म्हणाले, “वकीलसाब, कोट तो बढिया सिलाया, मगर दर्जी जेब लगाना भूल गया क्या?” तू हसलास. मीही हसलो. मग त्यांनी आपल्या दोघांना चहा पाजला. तुझा अर्धा कप तसाच राहिला.

चौदा महिन्यांनी तू ठरवलेस की साहेबांशी पगाराचे बोलायचे. दोन दिवस नुसता ठरवत होतास. तिसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत जाऊन आलास. मी सुटीवर आलो होतो, बाहेर थांबलो होतो.

“काय म्हनले?”

“चांगलं बोलले. म्हनले, काय देऊ तुले?”

“मंग?”

“मी म्हनलं, तुमी द्यान थे.”

“अबे, मंग काय देलं?”

“कोट देला. त्याइचा जुना.”

त्या कोटाच्या बाह्या तुझ्या बोटांपर्यंत येत होत्या. मी ती गोष्ट आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरलो. मी तुला भित्रा समजत होतो. ते चूक होते. कोर्टात तू फौजदाराला उलटतपासणीत घाम फोडलेला मी पाहिला आहे. पैशाचा आकडा आला की मात्र तुझा आवाज बसायचा, आणि का बसतो हे मला कळत नव्हते.

आता जो भाग तुला मी कधी सांगितला नाही, तो लिहितो.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात आमच्या वर्तमानपत्राकडे कारंज्याच्या एका सहकारी संस्थेची जाहिरात आली. कायदा सहायक पाहिजे, वकिलीची पदवी आवश्यक, सनद असल्यास प्राधान्य. मी तेव्हा उपसंपादक होतो आणि मुद्रिते तपासणारा आजारी पडला की जाहिरातींचीही मुद्रिते वाचत असे. हाताने लिहिलेल्या मूळ कागदावर पाचवी ओळ अशी होती: ‘वेतन दरमहा रुपये २७५ ते ३५०, अनुभवानुसार.’ ती निळ्या शाईने खोडली होती आणि वर वेगळ्या अक्षरात ‘वेतन योग्यतेनुसार’ असे लिहिले होते. खोडलेले वाचता येत होते. मी मुद्रित वाचले, कोपऱ्यात आद्याक्षरे घातली, आणि ते मूळ कागदासह संस्थेकडे मंजुरीला परत गेले.

त्याच दिवशी मी तुला कार्ड टाकले. जाहिरात येत आहे, अर्ज कर. आकडा लिहिला नाही.

आमच्याकडे एक नियम आहे. जे छापले नाही, ते आपल्याला माहीत नाही. जाहिरातदाराचा कागद जाहिरातदाराचा असतो. मी नियम पाळला, असे मी स्वतःला सांगितले.

मुलाखतीच्या दिवशी मी रजा काढून वाशीमला आलो आणि आपण एस.टी.ने कारंज्याला गेलो. स्टँडसमोरच्या हॉटेलात मी तुझी तयारी करून घेतली. तिथले बोलणे मला जसेच्या तसे आठवते.

“साहेब इचारतीन, पगार किती पाह्यजे. काय सांगशीन?”

“सांगीन काहीतरी.”

“काहीतरी हा आकडा नसते. सांग.”

“दीडशे.”

“अजून जास्त सांग.”

“किती?”

“थे तूच ठरव.”

“तू पेपरवाला हायेस. असल्या नोकरीले किती देतेत, तुले तं मायीत असन.”

“मले कसं मायीत असन?”

हे शेवटचे वाक्य माझे आहे.

संस्थेच्या कचेरीला लांब ओसरी होती. मी तिथल्या बाकावर बसलो. खिडकी उघडी होती. कायद्याचे प्रश्न तू नीट सोडवलेस. कर्जवसुलीच्या दाव्यांवर तू बोलत असताना आत कुणीतरी “बरोबर, बरोबर” म्हणत होते. मग सचिवांनी विचारले, “पगाराबद्दल आपली काय अपेक्षा आहे, वकीलसाहेब?”

आत खुर्ची करकरली. नंतर तुझा आवाज आला. घरात कुणी झोपले असताना बोलावे तसा. “संस्थेला योग्य वाटेल ते.”

“वा!” सचिव म्हणाले. “असा माणूस पाहिजे. नाहीतर हल्लीची पोरं आधी पगार विचारतात, मग काम.”

एकशे पासष्ट ठरले. तू बाहेर आलास तेव्हा तुझा चेहरा फुलला होता. दीड वर्ष फुकट राबलेल्या माणसाला एकशे पासष्ट म्हणजे काय, हे मी समजू शकतो. तू मला पेढे घेऊन दिलेस.

परतताना आपण शेलूबाजारला उतरलो, कारण तो बाजाराचा दिवस होता आणि तुझे वडील तिथे भेटतील असे तू म्हणालास. किसनबाबा तुमच्या गावच्या दहा-बारा मजुरांचे मुकादम होते. ते एका शेतकऱ्याशी कापूस वेचणीचा दर ठरवत उभे होते. शेतकरी मोटारसायकलवर बसूनच बोलत होता. उशीर झालाय, कापूस लोळून राह्यला, थोडं समजून घ्या. किसनबाबांनी दर एकदा सांगितला आणि तंबाखू मळत राहिले. शेतकरी बोलून बोलून थकला, मग हो म्हणून निघून गेला. त्यांनी मग आपल्याकडे पाहिले.

“लागली का नौकरी?”

“लागली, बा.”

“किती सांगतला?”

“मी नाही सांगतला. त्याइनंच ठरवला. एकशे पासष्ट.”

“तू काय म्हनला?”

“तुमाले योग्य वाटन थे द्या, म्हनलं. आपल्या घरी कोनी मागत नाही ना.”

किसनबाबांनी मळलेली तंबाखू खाली टाकली. “कोन म्हनते मागत नाही? अबे, सालभर गावाचं काम कराचं, अन् सुगीत खळ्यावर जाऊन उभं राह्यचं. तो देईन थे फडक्यात घ्याचं. थ्या खळ्यावर उभं राह्यन्याले मागनं म्हनतेत. दीक्षा घेतली अन् मी थेच सोडलं. अन् तू कोट घालून तिथंच जाऊन उभा राह्यला!”

बाजारातली माणसे वळून पाहू लागली. तू म्हणालास, “बा, हळू.”

“हळू कायले? आपल्या हाताचा दाम सांगनं म्हंजे मागनं होय काय? मी त्याले आता भीक मागतली काय? दर सांगतला. आकडा सांगाचा अन् गप बसाचं. त्याले बोलू द्याचं. एवढी शाळा शिकला, एवढं नाही शिकला?”

मला त्या दिवशी समजले. छप्पन सालच्या दीक्षेनंतर किसनबाबांनी महारकी सोडली, तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. या घरातला कोणी कुणापुढे हात पसरणार नाही, असे त्यांनी घरात सांगितले. तू ते पाठ केलेस. शाळेत तुझी पेन्सिल संपली तर तू शेजारच्याला मागत नव्हतास, लिहिणे थांबवून फळ्याकडे पाहत बसायचास. पगाराचा आकडा तोंडातून काढणे तुला हात पसरणेच वाटले. वडिलांनी जे सोडले तेच तू, त्यांचा शब्द पाळतो आहे असे समजून, करून आलास. दुसऱ्या कुठल्या घरातल्या मुलाने ही चूक केली नसती.

मी तिथे उभा होतो. नेमणुकीचे पत्र अजून तुझ्या हातात पडले नव्हते. त्या क्षणी खोडलेली ओळ सांगता आली असती. दुसऱ्या दिवशी कारंज्याला परत जाऊन तू बोलू शकला असतास. मी तिघांसाठी भजी आणायला गेलो.

नियमाखेरीज दुसरे कारण होते, तेही नोंदवतो. मला त्या वेळी दोनशे दहा रुपये मिळत होते. नोकरीला पाच वर्षे झाली होती. तू पहिल्याच महिन्यात माझ्यापुढे जावास, हे मला सहन होत नव्हते. मी तसे मनातल्या मनातही स्पष्ट म्हटले नव्हते. आज म्हणतो आहे.

कारंज्याला तू दोन वर्षे काढलीस. छोट्या गाडीच्या स्टेशनापलीकडे तुझी खोली होती. मी तिकडे आलो की आपण स्वयंपाक करायचो आणि भांडायचो. तुझे म्हणणे होते की वर्तमानपत्राने पगाराचा आकडा नसलेली नोकरीची जाहिरात घेऊच नये.

“घेतली नाही तं दुसऱ्या पेपरात जाईन,” मी म्हणायचो.

“जाऊ दे.”

“अन् आमचा पगार कुठून निंघन?”

“तुमचा पगार किती हाय, थे तरी तुमी कुठं छापलं?”

मी भाजीत मीठ कमी आहे असे म्हणालो. हा वाद आपण पुढे निदान दहा वेळा घातला आणि प्रत्येक वेळी तो भाजीवर किंवा राजकारणावर जाऊन थांबला. अजून तो मिटलेला नाही. गेल्या रविवारच्या अंकातही आकडा नसलेल्या नोकरीच्या जाहिराती होत्या. मी मोजल्या नाहीत.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी संस्थेने तुझ्या हाताखाली आणखी एक कायदा सहायक घेतला. त्याची सनद नवी होती, अनुभव नव्हता. नेमणूक पत्रांचा मसुदा तूच करत असल्यामुळे त्याचे पत्रही तूच लिहिलेस. आकडा सचिवांनी तुला तोंडी सांगितला: तीनशे दहा. तू तो तुझ्या अक्षरात लिहिलास, खाली सचिवांची सही घेतलीस, पत्र जावकात टाकलेस आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने अकोल्याला माझ्या कचेरीत आलास.

तू बसला नाहीस. पिशवी खांद्यालाच होती.

“थ्यानं सांगतले अन् त्याले भेटले,” तू म्हणालास. “तीनशे दहा. मी इचारलं त्याले, तुले कसं समजलं इतके भेटतीन म्हनून. त्याचा मामा संस्थेत हाय. मामानं सांगतलं.”

मी समोरच्या मजकुराचे कागद सारखे केले.

“एक सांग. तुले मायीत होतं काय?”

मी म्हणालो, “जाहिरातीत पगार छापला नव्हता.”

“मी छापल्याचं इचारून नाही राह्यलो.”

तेवढ्यात टेलिफोन वाजला. नागपूरचा फोन होता, घ्यावाच लागणार होता. मी तो घेतला आणि आवश्यकतेपेक्षा जास्त वेळ बोललो. रिसीव्हर ठेवला तेव्हा तू दारापाशी होतास. “बरं,” एवढेच म्हणालास.

माझे उत्तर खरे होते. जाहिरातीत पगार छापला नव्हता. आणखी वीस वर्षे या धंद्यात काढली तरी यापेक्षा अचूक आणि यापेक्षा खोटे वाक्य मी लिहीन असे वाटत नाही.

एक गोष्ट मला नक्की ठरवता येत नाही. छापून आलेल्या जाहिरातींची फाइल तुझ्याच कपाटात असे, हे तू मला पुढे एकदा बोलता बोलता सांगितलेस. त्या फाइलीत मूळ कागद आणि मुद्रित असणार. मुद्रितावर माझी आद्याक्षरे असणार. तू ते पाहून मला विचारायला आलास, की न पाहता आलास? पाहिले असेल, तर तुला उत्तर माहीत होते आणि तू मला बोलण्याची एक संधी देत होतास. न पाहता आला असशील, तर तू माझ्यावर विश्वास ठेवून परत गेलास. दोन्हींपैकी कोणते बरे, हे मला सांगता येत नाही. आठवडाभर मी हाच विचार उलटसुलट करतो आहे.

त्याच महिन्यात तू सचिवांकडे गेलास. ती हकिकत तू मला नंतर सांगितलीस, खोलीत येरझारा घालत, सचिवांची नक्कल करत. तू आत गेलास, म्हणालास, “साहेब, माझा पगार तीनशे पंचवीस करावा,” आणि गप्प बसलास. सचिव आधी सहकाराविषयी बोलले. मग सभासदांच्या गरिबीविषयी. मग तू घरच्यासारखा आहेस असे म्हणाले. तू गप्पच.

“लय अवघड राह्यते गड्या, गप राह्यनं,” तू मला म्हणालास. “बोलाचे पैसे घेतो आपन. जीभ नुसती वळवळ करे. मी टेबलावरच्या पेपरवेटातले बुडबुडे मोजत बसलो.”

“मंग?”

“मंग थे म्हनले दोनशे. मी बुडबुडे मोजून राह्यलो. मंग म्हनले, सव्वादोनशे, इचार करून कळवतो.”

सहा आठवड्यांनी सव्वादोनशेचे पत्र आले. तू तो महिना पूर्ण काम केलेस आणि राजीनामा दिलास. मी तुला वेड्यात काढले. हातची नोकरी, वर साठ रुपयांची वाढ. तू म्हणालास, “पैसे कमी हायेत म्हनून नाही सोडली. आकडा त्याइले मायीत होता, अन् मले मायीत नव्हता. दोन वर्सं मी असा बसलो होतो थ्या खुर्चीवर. आता बसवत नाही.”

हे बोलताना तू माझ्याकडे पाहत होतास का, मला सांगता येणार नाही. मी खाली पाहत होतो.

तरीही, जनार्दन, पुढच्याच वर्षी तू मला माझ्या मालकांकडे पाठवलेस. आधी तुझ्या वाशीमच्या नव्या वकिलीच्या ऑफिसात मला समोर उभे केलेस, स्वतः मालक होऊन बसलास आणि म्हणालास, “बोला, काय काम काढलं?” मी तीनदा अडखळलो. चौथ्या वेळी तू माझे वाक्य मध्येच तोडलेस. “कृपया नोको. विनंती नोको. आकडा पाह्यजे. तुमी पेपरात आकडे छापता ना? मंग तोंडातून काढाले काय झालं?” मी गेलो, आकडा सांगितला, गप्प बसलो. साठ रुपये वाढले. ही वाढ मला तुझ्यामुळे मिळाली. मी तुला त्याबद्दल जेवण दिले, आभार मानले नाहीत.

वाशीमला तू स्वतःची वकिली सुरू केलीस आणि वर्षभरात ज्युनिअर ठेवलास, तोही पगार देऊन. बार रूममध्ये याची थट्टा झाली. “काहो वकील, ज्युनिअरले पगार? उद्या मुन्शीले पेन्शन द्यान!” तू म्हणालास, “मुन्शीजीले पेन्शन पुरत नाही, त्याइचं उत्पन्न माह्यापेक्षा जास्त हाय.” मुन्शीजी सर्वांत मोठ्याने हसले. त्यानंतर दोन मोठ्या वकिलांनी काही दिवस तुझ्याशी बोलणे टाकले, हेही खरे आहे.

तुझी सध्याची ज्युनिअर कुसुम, मंगरूळपीरची. ती पहिल्यांदा आली त्या दिवशी मी योगायोगाने तुझ्याकडे होतो. तू तिला दोन प्रश्न कायद्याचे विचारलेस आणि तिसरा पगाराचा.

“तुम्ही द्याल ते, सर.”

“मंग मी काहीच देत नाही.”

ती गोंधळली.

“ओसरीत जाऊन बसा. आकडा सुचला का आत या.”

ती बाहेर गेली. मी तुला म्हणालो की पोरीला उगाच घाबरवतोस. तू घड्याळाकडे पाहत होतास आणि गुडघा हलवत होतास. तिच्यापेक्षा तूच जास्त घाबरला होतास. वीस मिनिटांनी ती आत आली, उभ्यानेच म्हणाली, “दीडशे.”

“शंभरावर मले झेपत नाही.”

“मग सव्वाशे.”

“एकशे दहा.”

“एकशे पंधरा, आणि कोर्टाच्या कामाला बाहेरगावी गेले तर एस.टी.चं तिकीट.”

तू हात जोडलेस. ती गेल्यावर तू खोलीभर फिरलास. “पाह्यलं काय? तिकीट! तिकिटाचं मले अजूनही सुचलं नसतं.” मी तुला इतक्या आनंदात क्वचितच पाहिले.

दवाखान्यात मी रोज दुपारी ड्यूटीच्या आधी येत होतो. मंगळवारी तुझे डोळे फार पिवळे होते आणि तू तुटक बोलत होतास. तुझ्या तारखा कोण सांभाळणार, हे तू दोनदा विचारलेस. मग कुसुमविषयी बोललास. “तिनं दुसरीकडं पाहावं आता. पन कमी नोको घेऊ म्हना तिले.” मी तू बरा होशील असे काहीतरी म्हणालो. तू हात हलवलास. मी खुर्ची जवळ ओढली. मला सांगायचे होते. एक वाक्य होते, आकडा होता, तेवढाच. नर्स आली, भेटीची वेळ संपली म्हणाली. मी उठलो. तिला पाच मिनिटे मागता आली असती. मी बुधवारी सकाळी लवकर यायचे ठरवले. पण त्या रात्री पहिले पान छपाईला पहाटे उशिरा सुटले आणि सकाळी मला उठायला उशीर झाला.

पाचव्या दिवशी, रविवारी, मी तुझ्या गावी गेलो. वंदना झाल्यावर माणसे पांगली. कुसुमही आली होती, बायकांत बसली होती. किसनबाबा अंगणात एकटे होते. मी त्यांच्याजवळ बसलो आणि सगळे सांगितले. खोडलेली ओळ, दोन्ही आकडे, हॉटेलातले माझे वाक्य, शेलूबाजारची भजी, टेलिफोन. माझ्या दोनशे दहांचेही सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही थांबवले नाही.

मग म्हणाले, “मायीत होतं तुले.”

“हो, बाबा.”

“थ्यानं इचारलं होतं तुले?”

“हो. दोनदा.”

त्यांनी तंबाखूची डबी काढली आणि न उघडता परत ठेवली. “माह्यापाशी आता कायले आनलं हे? मी काय करू याचं?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे मला बसवेना. मी उठलो तेव्हा ते म्हणाले, “थे पोरगी नौकरी पाहून राह्यली. तिले सांग, तुले जे मायीत असन थे.”

कुसुमने मला आमच्याच पेपरातले कात्रण दाखवले. अकोल्याच्या एका वकिलांच्या ऑफिसला मदतनीस पाहिजे. वेतन समक्ष. मी सोमवारी जाहिरात खात्यात जाऊन अजून परत न गेलेला मूळ कागद काढला. त्यावर आकडा नव्हता. खोडलेलाही नव्हता. मग मी अकोल्यातल्या तीन वकिलांच्या ऑफिसांत गेलो आणि तिथल्या मदतनिसांना त्यांचा पगार विचारला. पहिल्याने मला बाहेर नेऊन सांगितले. दुसऱ्याने विचारले, “छापणार का?” मी नाही म्हणालो, तेव्हा सांगितले. तिसऱ्याने आधी माझा पगार विचारला. मी सांगितला. मग त्याने सांगितला. एकशे साठ, एकशे नव्वद, दोनशे वीस. कोणाला किती वर्षे झाली, तेही लिहून घेतले. मंगळवारी संध्याकाळी मी तो कागद कुसुमला दिला.

बुधवारी सकाळी अकरा वाजता तिची मुलाखत झाली. तिने दोनशे वीस सांगितले. समोरून एकशे साठ आले. ती दोनशे वीसवर राहिली. शनिवारपर्यंत कळवू, असे तिला सांगण्यात आले आहे.